भिंगरीची तयारी

मास्तरांनी आयुष्यात कधी हातात खडू धरला नव्हता. त्यांनी चौतीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलं, आणि गाडी शिकवणाऱ्यालाही लोक मास्तरच म्हणतात. काम सोडून सहा वर्षं झाली तरी रस्त्यात कोणी ना कोणी हात करायचंच, "मास्तर, ओळखलंत का? पहिल्या फटक्यात पास झालो होतो!" मास्तरांना चेहरा आठवत नसे, पण पास झाल्याबद्दल शंका नसे. त्यांचा विद्यार्थी नापास होणं हा प्रकारच नव्हता.

त्याचं गुपित अगदी साधं होतं. मास्तर गाडी चालवायला शिकवत नसत, परीक्षेचा रस्ता शिकवत. परवाना कचेरीतला साहेब उमेदवाराला घेऊन कुठून निघतो, कुठल्या कोपऱ्यावर वळायला लावतो, चढावर नेमकी कुठे गाडी थांबवायला सांगतो, हे सगळं ते कचेरीच्या फाटकासमोर आठवडाभर उभं राहून वहीत टिपून घेत. साहेब बदलला की पुन्हा आठवडाभर फाटक. मग तोच रस्ता विद्यार्थ्याकडून चाळीस वेळा. औषधाच्या दुकानाचे एक मालक असेच झोकात पास झाले, दुसऱ्या दिवशी भलत्याच रस्त्याला लागले आणि गाडी थेट न्हाव्याच्या दुकानाच्या पायऱ्यांवर चढवली. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. हा किस्सा मास्तर चारचौघांत असा रंगवून सांगत की लोक पोट धरून हसत.

आता हे मास्तर मुलाकडे राहत होते. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. घरात वडील आणि बायको यांचं जुंपलं की तो दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यासारखा गप्प बसायचा. सून पार्सलच्या कचेरीत काउंटरवर होती, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. आणि नात होती चार वर्षं सात महिन्यांची. आनंद झाला की ती जागच्या जागी गोल गोल फिरायची, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत.

भिंगरी फिरायची झकास, पण बोलायची मोजकं. वीस-बावीस शब्द, तेही अर्धेमुर्धे. जिना उतरताना एका पायरीवर दोन्ही पाय आल्याशिवाय पुढची पायरी नाही. तिला एका दमात दोन कामं सांगितली की पहिलंही राहून जायचं. शाळेत तिच्या वयाची पोरं बाईंच्या नाकी नऊ आणत, ही कोपऱ्यात बसून चपलांच्या बंदांची उघडझाप करायची.

सुनेने वर्षभरात तीनदा शाळेत विषय काढला होता. वर्गबाई म्हणाल्या, "बोलेल हो, काही मुलं उशिरा बोलतात." मुख्याध्यापिका म्हणाल्या, "थोडं थांबू या." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्या गोड हसून म्हणाल्या, "तुम्ही फार काळजी करता." सून हात हलवत परत आली. गोड बोलून कुणी आपल्याला दारातून परतवलं की तिला जास्त राग यायचा.

मग एक दिवस शाळेच्या बोळात, बुटांच्या घडवंचीमागे, तिला भिंतीवर एक पिवळा पडलेला कागद दिसला. लोक वाचत नाहीत अशा सूचना चिकटवण्यात सुनेची अकरा वर्षं गेली होती, त्यामुळे दुसऱ्याने चिकटवलेली सूचना ती आवर्जून वाचायची. तिने घडवंची सरकवली. कागदावर लिहिलं होतं, 'पालकांचे हक्क'. मूल वयाच्या मानाने मागे आहे असं वाटलं तर पालकाने तपासणी लेखी मागावी. अर्ज पोचल्या तारखेपासून साठ दिवसांत शाळेने ती करावी. तपासणीचे सगळे कागद पालकांना दाखवावेत. निष्कर्ष पटला नाही तर पालकाला बाहेरच्या तज्ज्ञाची तपासणी मागता येईल, आणि शाळेला ती नाकारायची असेल तर आपली तपासणी बिनचूक होती हे शाळेने सिद्ध करावं.

वर्षभर तोंडाने विचारलं ते सगळं वाऱ्यावर गेलं होतं. सुनेने कपाळावर हात मारून घेतला आणि दुसऱ्या दिवशी अर्जाच्या दोन प्रती घेऊन मुख्याध्यापिकांसमोर उभी राहिली.

"अहो, लेखी कशाला? आपण काय परके आहोत?"

"मुळीच नाही. ही तुमची प्रत. ही माझी, हिच्यावर शिक्का आणि तारीख मारून द्या."

"ठेवा टेबलावर, सवडीने मारते."

"थांबते मी. मला सवड आहे."

सून शिक्का पडेपर्यंत समोरच्या खुर्चीतून हलली नाही. पार्सलच्या कचेरीत पोच घेतल्याशिवाय पाकीटसुद्धा हातातून सुटत नाही, इथे तर पोटच्या पोरीचा प्रश्न होता.

घरी मात्र मास्तरांनी हे ऐकलं आणि त्यांचा पारा चढला.

"एवढ्याशा पोरीला आपण होऊन परीक्षेला बसवायचं? कुणी सांगितलं होतं?"

"परीक्षा नाही बाबा, तपासणी आहे. तिला काय येतं, काय येत नाही, ते बघणार आणि मग मदत देणार. शाळेत छोटा वर्ग आहे. आठच मुलं. बोलायला शिकवणाऱ्या बाई आहेत, हातांचा सराव घेणाऱ्या बाई आहेत."

"तेच ते. एकदा कागदावर 'मागे आहे' असं लिहिलं गेलं की जन्मभर ते पुसलं जात नाही."

"पुसायचं कशाला? खरं असेल तर लिहू दे."

मुलगा ताटाकडे बघत म्हणाला, "बघू या ना, काय होतं ते." दोघांनीही त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुढचं वाक्य गिळून टाकलं.

मास्तर त्यानंतर वाद घालायला गेले नाहीत. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली होती, की नातीची परीक्षा आहे आणि ती घेणारा माणूस अनोळखी आहे. अशा वेळी काय करायचं हे त्यांना चौतीस वर्षं ठाऊक होतं.

भिंगरीला शाळेत सोडायचं आणि दुपारी बारा वाजता आणायचं काम त्यांच्याकडेच होतं. ते आता अकरालाच जाऊन बसू लागले. तपासणीची खोली तळमजल्यावर, तिच्या खिडकीसमोर बाक. खिडकीला पडदा अर्धाच. आत तपासनीस बाई एकेका मुलाला घेऊन बसायच्या. त्यांच्यापुढे चित्रांची एक जाड वही असायची. पानांचा क्रम ठरलेला. चेंडू, किल्ली, छत्री, मासा, खुर्ची, टोपी, घड्याळ, झाड, चमचा, बूट. मग लाकडी ठोकळ्यांचा मनोरा. मग दोरीत मणी. मग "चेंडू खुर्चीखाली ठेव आणि दार लाव." मास्तरांनी चार दिवस, पाच मुलं, सगळं टिपून घेतलं. एका मुलाला बाईंनी आधी मणी दिले आणि मग ठोकळे, तेही त्यांनी समासात लिहून ठेवलं. साठीपासष्टीच्या माणसाला खिडकीतून डोकावताना पाहून शिपायाने विचारलं, "काय आजोबा, करमत नाही वाटतं?" मास्तर म्हणाले, "नातीचा जीव रमेना हो," आणि वही खिशात घातली.

मग जाहिरातींच्या कागदांवरून चित्रं कापून दहा पुठ्ठे तयार झाले. रोज दुपारी एक ते चार शिकवणी. बरोबर आलं की बिस्कीट. पहिल्या आठवड्यात मास्तरांनी जवळजवळ हात टेकले. भिंगरी पुठ्ठे चाटायची, फेकायची, मध्येच उठून फिरायला लागायची. पण मास्तरांनी याहून मठ्ठ माणसांना चढावर गाडी थांबवायला शिकवलं होतं. दुसऱ्या आठवड्यात ती चार चित्रं म्हणू लागली. तिसऱ्या आठवड्यात दहाही. ठोकळ्यांचा मनोरा आठ मजली जाऊ लागला. चेंडू खुर्चीखाली, दार बंद. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगी हुशार आहे, उगाच सगळे मिळून तिला मागे ढकलताहेत, असं त्यांना मनापासून वाटलं. पुठ्ठे ते रोज चार वाजता कपाटाच्या वर, जुन्या वर्तमानपत्रांखाली ठेवून देत.

तपासणीच्या दिवशी सुनेने रजा काढली आणि बाकावर बसून राहिली. चाळीस मिनिटांनी दार उघडलं. तपासनीस बाई हसत बाहेर आल्या आणि भिंगरी त्यांच्यापुढे हात पसरून बिस्कीट मागत होती. "गोड आहे हो," त्या म्हणाल्या. दहा दिवसांनी कागद आला. 'वयानुरूप प्रगती. विशेष मदतीची आवश्यकता नाही.' मास्तरांनी संध्याकाळी सगळ्यांसाठी आइस्क्रीम आणलं.

सुनेने आइस्क्रीमला हात लावला नाही. तिने त्याच आठवड्यात शाळेकडून तपासणीची सगळी पानं मागून घेतली, आणि एका संध्याकाळी कामावरून येताच, पायातल्या चपलाही न काढता, दारातच ती वाचत उभी राहिली.

"बाबा, इथे लिहिलंय की हिने किल्ली ओळखली."

"मग? ओळखली असेल."

सून खाली बसली. तिने हातातली दाराची किल्ली भिंगरीपुढे धरली. "सोनू, हे काय आहे?"

भिंगरीने किल्ली घेतली, नाकाला लावली, हसली आणि एक गिरकी घेतली.

"हे काय आहे गं राणी? आपण दार कशाने उघडतो?"

भिंगरी दाराकडेही बघेना. मास्तर खुर्चीत बसल्या जागी गार झाले. पुठ्ठ्यावरची, उजवीकडे तोंड असलेली किल्ली दाखवली असती तर तिने क्षणात नाव घेतलं असतं. ही किल्ली लोखंडाची होती, काळी होती, तिला कडी होती आणि चव होती. ही भिंगरीच्या रस्त्यावर नव्हती.

मास्तरांनी तेव्हाच बोलायला हवं होतं. ते बोलले नाहीत. "दमलीय ती," असं म्हणून वर्तमानपत्र उघडून बसले.

खरा मार त्यांना बसला तो दोन दिवसांनी. स्वयंपाकघरात सून भांडी घासत होती, मुलगा पुसत होता, आणि ती त्याला विचारत होती, "माझंच काही चुकतंय का रे? मीच पोरीत खोट शोधत बसलेय का? सगळे म्हणतात ठीक आहे, कागद म्हणतो ठीक आहे. मग मला एकटीलाच का दिसतंय?" मुलगा पुसलेलंच ताट पुन्हा पुसू लागला. नळ बराच वेळ वाहत राहिला. शाळेत शिक्का पडेपर्यंत खुर्ची न सोडणारी बाई स्वतःच्याच डोळ्यांवर संशय घेऊ लागली होती, आणि ही करामत आपली होती, हे मास्तरांना बाहेरच्या खोलीत बसून लख्ख कळलं.

तरीही सूनच ती. तिने पुन्हा दोन प्रती काढल्या. निष्कर्ष मान्य नाही, बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासणी व्हावी. पुन्हा शिक्का, पुन्हा तारीख. शाळेने बैठक बोलावली. छोट्या वर्गात दोन जागा उरल्या होत्या आणि यादी महिनाअखेरीला बंद होणार होती. त्यानंतर थेट पुढचं वर्ष. तोवर भिंगरी सहाच्या जवळ पोचली असती, आणि बोलण्याची घडी बसायची ती याच वर्षांत बसते, हे आता वर्गबाईही दबक्या आवाजात कबूल करू लागल्या होत्या. हातात दिवस उरले होते अकरा.

बैठकीला सगळेच गेले. घरी भिंगरीला सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून मास्तरांनी तिलाही आणलं. मुख्याध्यापिकांची खोली लहान होती. टेबलाच्या पलीकडे त्या, शेजारी तपासनीस बाई आणि वर्गबाई. अलीकडे सून, मुलगा, आणि दाराजवळच्या स्टुलावर मास्तर. भिंगरी जमिनीवर बसून बापाच्या बुटांच्या नाड्या सोडत होती.

"तुमची कळकळ मी समजू शकते," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आईला काळजी वाटणारच. पण तपासणी रीतसर झाली आहे. दहापैकी दहा चित्रं. मनोरा आठ ठोकळ्यांचा. दोन टप्प्यांची सूचना पूर्ण पाळली. यात चूक कुठे आहे ते तुम्ही दाखवा."

"चूक मी नाही दाखवायची," सून शांतपणे म्हणाली. "बोळातल्या कागदावरचं शेवटचं कलम बघा. तपासणी बिनचूक होती हे शाळेने दाखवायचं आहे."

"तेच तर दाखवतेय. हे सगळे गुण काय खोटे आहेत?"

सून अडली. कागद तिच्या बाजूने बोलत होता, पण गुण तिच्या विरुद्ध बोलत होते, आणि तिच्याजवळ होतं ते फक्त घरात रोज दिसणारं. "ती घरी असं करत नाही," ती म्हणाली, आणि हे किती तोकडं आहे ते तिलाच जाणवलं.

"मुलं घरी लाडावतात," मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि त्यांनी फाइल मिटायला घेतली.

"थांबा," मास्तर म्हणाले.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मास्तर उभे राहिले होते.

"गुण खोटे नाहीत. पण तिचे नाहीत. माझे आहेत. तिच्याकडून मी तयारी करून घेतली. तीन आठवडे, रोज तीन तास."

"अहो, घरी थोडं शिकवलं असेल, त्यात काय एवढं," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आजोबा, सुनेसाठी तुम्ही—"

"सुनेला यातलं काडीचंही माहीत नाही. मी त्या बाकावर बसून खिडकीतून बघत होतो. बाईंच्या वहीचा क्रम टिपला. ठोकळे, मणी, चेंडू, दार, सगळं." त्यांनी खिशातून वही काढून टेबलावर ठेवली. मग इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या प्रिंटरमध्ये कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता. "हे दहा कागद घेऊ का?"

कोणी हो म्हणायच्या आत त्यांनी ते घेतले आणि भिंगरीसमोर मांडी घालून बसले. गठ्ठा पोटाशी धरला, रोज पुठ्ठे धरायचे तसा. भिंगरीने बुटाची नाडी सोडून दिली आणि सरळ बसली. मास्तरांनी पहिला कोरा कागद वळवला.

"तेंदू," भिंगरी म्हणाली.

दुसरा कोरा कागद.

"किल्ली."

तिसरा. "छत्ली." चौथा. "माता." कागदावर काही नव्हतं. पांढऱ्या कागदाकडे बघून पोरगी खणखणीत आवाजात खुर्ची म्हणत होती, टोपी म्हणत होती. घड्याळ, झाड, चमचा. मास्तरांनी दहावा कागदही वळवला. "बूत," भिंगरी म्हणाली आणि तिने हात पुढे केला. मास्तरांनी खिशात चाचपून बिस्कीट तिच्या हातावर ठेवलं.

भिंगरी ते तिथेच बसून कुरतडू लागली.

"मी चौतीस वर्षं हेच केलं," मास्तर जमिनीवरूनच म्हणाले. "माणसांना परीक्षेचा रस्ता पाठ करून दिला. एक जण दुसऱ्या दिवशी न्हाव्याच्या पायऱ्यांवर गाडी घेऊन चढला. मी तो विनोद म्हणून सांगतो. तो माणूस पुन्हा कधी गाडीत बसला नाही, ते मी शेवटी सांगतो, हसू ओसरल्यावर. ह्या पोरीचं तसं नको. तिला रस्ता येत नाही. तिला शिकवा."

मुख्याध्यापिका काहीतरी म्हणणार होत्या, पण तपासनीस बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. बाईंचा चेहरा लाल झाला होता. "ही तपासणी मी केली होती," त्या म्हणाल्या. "महिन्यात चाळीस मुलं, प्रत्येकाला चाळीस मिनिटं, एकच वही, चित्रांचा एकच क्रम. मला कळायला हवं होतं. ती चित्राकडे बघत नव्हती, माझ्या हाताकडे बघत होती. ही तपासणी बाद आहे, आणि तसं मी आत्ता लिहून देते. बाहेरची व्यक्ती लवकरात लवकर बोलवा."

सुनेने पर्स उघडून पेन पुढे केलं. "त्याचीही एक प्रत मला द्या," ती म्हणाली.

शाळेच्या फाटकाबाहेर आल्यावर मात्र तिने मास्तरांना धारेवर धरलं. रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. "तीन आठवडे! तुम्ही माझ्या पोरीचे तीन आठवडे खाल्लेत बाबा, आणि वर एक महिना! मला वाटायला लागलं होतं की माझंच डोकं फिरलंय. तुम्ही समोर बसून बघत होतात आणि पेपर वाचत होतात!" मास्तरांनी मान खाली घातली. एरवी ते असं ऐकून घेणारे नव्हते. मुलगा म्हणाला, "जाऊ दे ना आता, बोलले ते शेवटी." त्यावर सून त्याच्याकडे वळली आणि तुझंही एक तोंड आहे ते कधी वापरणार आहेस, असं विचारून तिने त्यालाही झापलं. मग ती तरातरा पुढे चालू लागली. भिंगरी आजोबांचं बोट धरून चालत होती, कारण तिला यातलं काही कळलं नव्हतं.

जागा मिळाली, हे आधीच सांगून टाकतो. यादी बंद व्हायला दोन दिवस असताना मुख्याध्यापिकांनी स्वतः फोन केला, आणि सुनेने कागद हातात पडेपर्यंत आनंद मानला नाही. पण या घरात आजही आठवण निघते ती त्या फोनची नाही, त्याच्या आधीच्या मंगळवारची.

त्या मंगळवारी सकाळी बाहेरच्या तज्ज्ञ बाई घरी आल्या. पायात सपाट चपला, खांद्यावर झोळीसारखी पिशवी. त्यांच्याकडे चित्रांची वही नव्हती. त्यांनी भिंगरीबरोबर चपला जुळवल्या, वाटीत पाणी ओतून घेतलं, जिन्यावरून खालीवर नेलं. तासभर झाल्यावर त्या मोठ्या माणसांकडे वळल्या.

"आता तुम्ही सांगा. दिवसभर हिच्याबरोबर कोण असतं?"

"मी," मास्तर म्हणाले.

"मग तुम्हीच सांगा. हिला काय काय जमत नाही?"

सुनेने मास्तरांकडे पाहिलं. गेले सहा दिवस ती सासऱ्यांशी कामापुरतंच बोलत होती. आता हे नातीची बाजू सावरतील, नाहीतर शरमेने दोन शब्दांत आटोपतील, असं तिला वाटलं. मास्तरांनी घसा साफ केला.

"बूट घालता येत नाहीत. मी घालतो, आणि तिच्या आईला वाटतं ती घालते. पेला एका हाताने धरता येत नाही, म्हणून मी अर्धाच भरतो. तहान लागली तर सांगत नाही. नळाजवळ जाऊन उभी राहते, मग मला कळतं. लागलं तरी लगेच रडत नाही, थोड्या वेळाने रडते, आणि कुठे लागलं ते दाखवत नाही. हाक मारली की वळते, पण तिचं नाव घेतलं म्हणून नाही, माझा आवाज म्हणून. दुसऱ्या कोणी हाक मारली तर वळत नाही. बागेत मुलं बोलायला आली की तिच्या वतीने मीच उत्तरं देतो. मुलं मग माझ्याशीच बोलतात आणि निघून जातात."

तज्ज्ञ बाई भराभर लिहीत होत्या. सून टेबलाची कड धरून उभी होती. यातल्या निम्म्या गोष्टी तिने पहिल्यांदाच ऐकल्या होत्या. जे ती वर्षभर चाचपडत शोधत होती, ते या माणसाला तोंडपाठ होतं.

"हे तुमच्या लक्षात कधीपासून आलंय?" बाईंनी विचारलं.

"दोन वर्षांची झाली तेव्हापासून."

"बाबा!" सुनेचा आवाज फाटला. "अडीच वर्षं? मग बोलला का नाहीत?"

मास्तरांनी तिच्याकडे बघायचा प्रयत्न केला. "बोललो तर ते खरं होईल, अशी भीती वाटायची गं," ते म्हणाले. "मी झाकत राहिलो. मला वाटलं मी तिला सांभाळतोय."

सुनेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिला रागही आला होता आणि आपण एकट्या नव्हतो, या घरात आणखी एका माणसाला हे सगळं दिसत होतं, याने छातीवरचं ओझंही उतरलं होतं. तिने तोंडावर पदर धरला, मग खुर्ची ओढली आणि ती मास्तरांच्या शेजारी येऊन बसली.

"सगळं सांगा बाबा," ती म्हणाली. "काही वगळू नका. बाई, तुम्ही लिहून घ्या."

बाईंनी पान उलटलं. "झालं का इतकंच?"

"नाही," मास्तर म्हणाले. "अजून खूप आहे."